शाखांमधील राउटर मुख्य कार्यालयातूनच कसे जुळवावेत

रत्नागिरीत मुख्य कार्यालय आणि दापोली, गुहागर, जैतापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा गावांत शाखा असलेली एखादी पतसंस्था उदाहरणादाखल घेऊ. नकाशावर ही गावे किनाऱ्याच्या एका ओळीत दिसतात. प्रत्यक्षात मधल्या खाड्यांमुळे बऱ्याचदा एका गावातून वर महामार्गावर यावे लागते आणि दुसऱ्या फाट्याने पुन्हा खाली उतरावे लागते. राउटरमधील एक ओळ बदलण्यासाठी माणूस पाठवायचा, तर त्याचा अख्खा दिवस जातो आणि पावसाळ्यात रस्त्यावर दरड आली तर दुसराही. शाखेत बहुधा शाखाधिकारी, एकदोन लिपिक आणि शिपाई एवढीच माणसे असतात. संगणक जाळ्याचा जाणकार तिथे असेल, हे गृहीत धरून कोणतीही योजना आखू नये.

झिरो टच प्रोव्हिजनिंग या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशाच परिस्थितीसाठी आहे. खोक्यातून काढलेल्या राउटरला शाखेतील कोणीही वीज आणि इंटरनेटची वायर जोडावी. त्यापुढे राउटरने स्वतः मुख्य कार्यालयाशी संपर्क साधून आपले संपूर्ण कॉन्फिगरेशन (यंत्राने कसे चालावे हे सांगणाऱ्या सेटिंगचा संच) मागून घ्यावे आणि नंतरचे बदलही त्याच वाटेने स्वीकारावेत, असा तिचा गाभा आहे. दहा ते तीस शाखांच्या, स्वतंत्र नेटवर्क विभाग नसलेल्या संस्थेला ती कशी उभारता येईल, हे पुढे क्रमाने दिले आहे.

आधी नोंदवही

कोणतेही सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी शाखांची एक नोंदवही तयार करावी. ती यामल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असली तरी चालते, परंतु ती गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवावी, म्हणजे कोणी, कधी, काय बदलले याचा इतिहास आपोआप राहतो. प्रत्येक शाखेसमोर शाखा क्रमांक, राउटरचा अनुक्रमांक, इंटरनेट जोडणीचा प्रकार, पर्यायी सिमची कंपनी, आयपी पत्त्यांचा (जाळ्यातील यंत्रांच्या अंकी पत्त्यांचा) पट्टा आणि शाखेची सद्यःस्थिती या गोष्टी हव्यात. सद्यःस्थितीचा रकाना बरेच जण वगळतात. पुढे राउटरला कॉन्फिगरेशन द्यायचे की नाही हे त्याच रकान्यावरून ठरणार असल्याने तो वगळू नये. ‘भांडारात’, ‘रवाना’, ‘कार्यरत’ आणि ‘रद्द’ एवढ्या चार नोंदी पुरतात.

शाखेची ओळख आणि यंत्राची ओळख या दोन गोष्टी नोंदवहीत वेगळ्या ठेवाव्यात. देवगड शाखा ही कायमची असते, तिच्यातील राउटर बदलू शकतो. त्यामुळे पत्ते, नियम आणि वेळापत्रक शाखेशी बांधावे, अनुक्रमांक केवळ त्या घटकेला तिथे कोणते यंत्र आहे एवढेच सांगेल. अनुक्रमांक खोक्यावरील बारकोड वाचून घ्यावा. हाताने उतरवताना आठाचा बी आणि शून्याचा ओ होतो, आणि मग शाखेतून फोन येतो की दिवे लागलेत, पण पुढे काहीच होत नाही.

पत्त्यांची रचना अशी ठेवावी की पत्ता पाहताच शाखा ओळखता यावी. खासगी वापरासाठी राखलेल्या १०.०.०.०/८ या पट्ट्यातून प्रत्येक शाखेला १०.४०.शाखा क्रमांक.०/२४ असा २५६ पत्त्यांचा तुकडा दिला, तर सातव्या शाखेचे सर्व पत्ते १०.४०.७ ने सुरू होतील. त्या तुकड्याचे /२६ चे, म्हणजे प्रत्येकी ६४ पत्त्यांचे, चार भाग करावेत. प्रत्येकात ६२ वापरण्याजोगे पत्ते मिळतात. पहिला भाग काउंटरवरील संगणकांना, दुसरा कॅमेरे व त्यांच्या रेकॉर्डरला, तिसरा प्रिंटर, फोन व हजेरीच्या यंत्राला द्यावा आणि चौथा मोकळा सोडावा. कॅमेऱ्यांचा भाग काउंटरच्या भागापासून तोडणे हे या संपूर्ण रचनेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुरक्षाकार्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदवहीवरून प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन तयार करण्यासाठी एकच साचा ठेवावा. अ‍ॅन्सिबल (अनेक यंत्रे दुरून जुळवणारे सॉफ्टवेअर) आणि त्यातील जिंजा साचे या कामासाठी सर्रास वापरले जातात. एखाद्या शाखेला काही वेगळे हवे असेल, तर तो वेगळेपणा नोंदवहीत नवा रकाना घालून नोंदवावा. साच्यामध्ये ‘शाखा मालवण असेल तर’ अशी अट घालण्याचा मोह टाळावा, कारण अशा चारपाच अटी जमल्या की साचा वाचणे कोणालाच जमत नाही. पासवर्ड आणि खाजगी किल्ल्या (यंत्राची ओळख पटवणारे गुप्त संकेत) गिटमध्ये उघड्या ठेवू नयेत. अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये कुलूपबंद ठेवाव्यात.

नवा राउटर घरचा पत्ता कसा शोधतो

पाठ्यपुस्तकी पद्धत डीएचसीपीची, म्हणजे जाळ्यात आलेल्या यंत्राला आपोआप पत्ता देण्याच्या सोयीची आहे. राउटर सुरू झाल्यावर पत्ता मागतो, आणि पत्ता देणारा सर्व्हर उत्तरासोबत पर्याय ६६ व ६७ मधून कॉन्फिगरेशनचा सर्व्हर आणि फाइलचे नाव कळवतो. काही कंपन्या त्यासाठी पर्याय ४३ वापरतात. मुख्य कार्यालयाच्या आत किंवा स्वतःच्या भाड्याच्या समर्पित लाइनवर ही पद्धत उत्तम चालते. किनाऱ्यावरच्या शाखेत मात्र पत्ता देणारे यंत्र इंटरनेट कंपनीचे किंवा गावातील केबलवाल्याचे असते, आणि तो आपल्यासाठी त्यात काही भरणार नाही. त्यातच या पद्धतीत फाइल आणण्यासाठी पुष्कळदा टीएफटीपी ही फाइल पाठवण्याची साधी पद्धत वापरतात, ज्यात ना ओळखपडताळणी आहे ना सांकेतिकीकरण. इंटरनेटवरून टीएफटीपीने कॉन्फिगरेशन कधीही पाठवू नये.

दुसरी पद्धत उत्पादक कंपनीच्या मध्यस्थीची. आपण खरेदी केलेल्या यंत्रांचे अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात नोंदवायचे. राउटर पहिल्यांदा सुरू झाल्यावर कंपनीच्या ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथून त्याला आपल्या सर्व्हरकडे धाडले जाते. शंभरावर शाखा असतील तर हाच मार्ग सोयीचा. याचेच अधिक काटेकोर रूप एप्रिल २०१९ च्या आरएफसी ८५७२ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात मांडलेले आहे: त्यात कारखान्यातच बसवलेल्या प्रमाणपत्राने राउटर स्वतःची ओळख पटवतो आणि उत्पादकाने सही केलेल्या मालकीपत्रावरून आपला मालक कोण हे पडताळून पाहतो. खरेदी करताना ही सोय आहे का, हे विचारावे. मात्र ती असलेलेच यंत्र हवे, असा लहान संस्थेने हट्ट धरण्याचे कारण नाही.

लहान संस्थेसाठी तिसरा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो: सर्व राउटर आधी मुख्य कार्यालयात मागवायचे, त्यांत एकसारखे छोटे बीज-कॉन्फिगरेशन भरायचे आणि मग शाखांकडे रवाना करायचे. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली वापरत असाल तर तिच्या इमेज बिल्डरने स्वतःची प्रतिमा तयार करून तिच्या यूसीआय-डिफॉल्ट्स निर्देशिकेत पहिल्या सुरुवातीला चालणारी स्क्रिप्ट ठेवता येते. फॅक्टरी रिसेट झाला तरी ती पुन्हा चालते, हा तिचा मोठा फायदा. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये नेटइन्स्टॉल या साधनाने यंत्र भरताना मूळ कॉन्फिगरेशनची स्क्रिप्ट देता येते. कोणते यंत्र कोणत्या गावाला जाणार हे बीज भरताना ठरवण्याची गरज नाही, आणि ते ठरवूही नये. खोकी अदलाबदल होतातच.

बीजामध्ये काय असावे

बीजात जितके कमी असेल तितके चांगले. वायरच्या पोर्टवर डीएचसीपीने पत्ता घेणे, तो न मिळाल्यास फोर-जी सिमकडे वळणे, घड्याळ जुळवणे, मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरचे नाव, त्या सर्व्हरचे प्रमाणपत्र पडताळण्यासाठी आपल्या प्रमाणपत्र-अधिकाऱ्याचे मूळ प्रमाणपत्र, बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी नाकारणारी फायरवॉल आणि संपर्क होईपर्यंत दर काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट, एवढेच त्यात असावे. खाजगी किल्ली बीजात घालू नये. ती राउटरने स्वतःच तयार करावी आणि तिची केवळ सार्वजनिक जोडकिल्ली, अनुक्रमांक व एकदाच वापरता येणाऱ्या टोकनसह, मुख्य कार्यालयाकडे पाठवावी.

घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण स्वयंचलित जुळणीत अडथळा येतो तो बहुतेक वेळा इथेच. स्वस्त राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली आणि परत आली की यंत्रानुसार त्याची वेळ १९७० पासून किंवा शेवटी जतन झालेल्या एखाद्या क्षणापासून सुरू होते. अशा राउटरला सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे दिसते आणि तो जोडणीच नाकारतो. टनेलसाठी, म्हणजे इंटरनेटवरून शाखा व मुख्य कार्यालय यांना जोडणाऱ्या सुरक्षित वाटेसाठी, वायरगार्ड हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना याहून छुपा त्रास होतो: त्याच्या प्रत्येक हँडशेकमध्ये (जोडणी सुरू करतानाच्या ओळखीच्या संदेशांत) वेळेचा शिक्का असतो, आणि आधी स्वीकारलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर जुना संदेश कोणी पुन्हा पाठवला आहे असे समजून सर्व्हर तो टाकून देतो. म्हणजे दोन्ही बाजूंच्या किल्ल्या बरोबर, इंटरनेट चालू, तरी टनेल बंद. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या गावात हे वारंवार घडू शकते. उपाय असा की एनटीपीची (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीची) वाहतूक टनेलच्या बाहेरून, थेट इंटरनेटवरून जाऊ द्यावी, एनटीपी सर्व्हरचा किमान एक पत्ता नावाऐवजी अंकांत द्यावा आणि वेळ जुळेपर्यंत संपर्काची स्क्रिप्ट थांबवून ठेवावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या, सर्व्हरवरून वेळ घ्यायची आहे. त्याच निर्देशांत यंत्रांच्या कामकाजाच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपण्याचीही अट आहे, म्हणून राउटरच्या नोंदी सुरुवातीपासूनच मुख्य कार्यालयातील सर्व्हरकडे पाठवाव्यात.

फोन शाखेने करावा

सिमवरच्या जोडणीत राउटरला मिळणारा पत्ता बहुधा १००.६४.०.०/१० या सामायिक पट्ट्यातला किंवा दुसऱ्या एखाद्या खासगी पट्ट्यातला असतो. त्या पत्त्यावर बाहेरून पोहोचता येत नाही. गावातील लहान इंटरनेट पुरवठादारही हाच मार्ग धरतात. त्यामुळे मुख्य कार्यालयाने शाखेच्या राउटरकडे जाण्याची रचना करूच नये; शाखेने मुख्य कार्यालयाकडे यावे. स्थिर पत्ता केवळ मुख्य कार्यालयाला लागतो, तोही शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांकडून घ्यावा. प्रत्येक शाखेसाठी स्थिर पत्त्याचे वेगळे पैसे भरण्याची आवश्यकता उरत नाही.

वायरगार्डचा टनेल असेल तर शाखेच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक अंतराने छोटा संदेश पाठवत राहण्याची सोय) २५ सेकंद ठेवावा, म्हणजे मधल्या नॅटमधील, अर्थात अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे ठेवणाऱ्या पुरवठादाराच्या यंत्रातील वाट मिटत नाही. आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा: वायरगार्ड सर्व्हरच्या नावावरून पत्ता फक्त जोडणी उभी करताना एकदाच शोधतो. मुख्य कार्यालयाने दुसऱ्या लाइनकडे नाव वळवले, तरी शाखा जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहते. काही मिनिटे हँडशेक झाला नाही तर नाव पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट सोबत हवी. ओपनडब्ल्यूआरटीत तशी स्क्रिप्ट तयार मिळते. नेटकॉन्फ ही दुरून जुळणीची प्रमाणित पद्धत वापरणाऱ्या मोठ्या यंत्रांसाठी आरएफसी ८०७१ मधील कॉल होमची सोय हेच काम करते.

टनेलचा एमटीयू (एका वेळी जाऊ शकणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार) साधारणपणे १४२० बाइट असतो आणि टीसीपीचा एमएसएस (त्या पाकिटातील प्रत्यक्ष माहितीचा कमाल आकार) त्यानुसार आपोआप कमी करण्याचा नियम साच्यातच घालावा. तो नसल्यास पिंग जाते, लॉगिनचे पान उघडते आणि मोठा अहवाल मागितला की पडदा गोठतो. शाखेतले लोक त्याला ‘नेट स्लो आहे’ म्हणतात आणि तपास भलत्याच दिशेला जातो.

ओळख पटल्याशिवाय काहीही देऊ नये

राउटरने पहिला संपर्क केला की सर्व्हरने त्याचा अनुक्रमांक नोंदवहीत शोधावा. स्थिती ‘रवाना’ असेल आणि टोकन बरोबर असेल, तरच त्या शाखेचे कॉन्फिगरेशन तयार करून द्यावे. अन्यथा विनंती बाजूला ठेवून जबाबदार माणसाला कळवावे. शाखाधिकाऱ्यांनी ‘खोके आले, वायर जोडली’ असा फोन केल्यावरच टोकन काही तासांपुरते सक्रिय करण्याची पद्धत ठेवली, तर एसटीच्या पार्सलमधून खोके हरवले तरी ते घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फोन करणारी व्यक्ती खरोखर शाखाधिकारीच आहे ना, हे शाखेच्या नोंदलेल्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करून घ्यावे.

व्यवस्थापनाचा पोर्ट (इथे वायरची खाच नव्हे, तर सेवेचा क्रमांकित दरवाजा) इंटरनेटकडे उघडा ठेवण्याचे परिणाम किती मोठे असतात, हे जर्मनीत दिसून आले आहे. घरगुती राउटर दुरून जुळवण्यासाठी टीआर-०६९ ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिचा नेहमीचा पोर्ट ७५४७ आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराय या घातक प्रोग्रामच्या एका रूपाने याच पोर्टवर मारा केला आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली. दूरस्थ जुळणी ही सोय आपल्यासाठी असते तितकीच ती हल्लेखोरासाठीही असते. म्हणून व्यवस्थापनाच्या सर्व सेवा केवळ टनेलच्या आतील पत्त्यावर ऐकतील असे बांधावे, आणि जुळणी पूर्ण होताच बीजातील तात्पुरता प्रवेश साच्याने स्वतःच बंद करावा.

प्रत्येक बदलाला परतीची वाट

दुरून केलेला चुकीचा बदल ज्या वाटेने गेला तीच वाट कापतो, आणि मग गाडी काढण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून माझ्या लेखी या संपूर्ण पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा नियम असा आहे: मुदतीत पुष्टी मिळाली नाही तर राउटरने आपणहून मागच्या कॉन्फिगरेशनवर जावे. जुनिपर कंपनीच्या राउटरमध्ये त्यासाठी कमिट कन्फर्म्ड हा आदेश आहे आणि त्याची मुदत काही न सांगितल्यास १० मिनिटे असते. नेटकॉन्फमध्येही अशीच ६०० सेकंदांची मुदत आहे. सिस्कोच्या राउटरवर बदल जतन न करता आधी ‘रीलोड इन’ने ठरावीक मिनिटांनी पुनरारंभ लावून ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते, कारण पुष्टी न झाल्यास यंत्र जतन केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनसह उठते. मायक्रोटिकच्या सेफ मोडमध्ये सत्र तुटले की बदल मागे जातात, परंतु ठरावीक संख्येपलीकडच्या बदलांना तो पुरत नाही.

ओपनडब्ल्यूआरटीवर स्क्रिप्टने बदल करत असाल तर ही सोय स्वतः बांधावी लागते. चालू कॉन्फिगरेशनची प्रत ठेवावी, उलटगणती सुरू करावी, बदल लागू करावा आणि मुख्य कार्यालयाकडून पुष्टी न आल्यास प्रत परत बसवून राउटर पुन्हा सुरू करावा. पुष्टी नव्याने उघडलेल्या जोडणीवरूनच घ्यावी. आधीपासून उघड्या असलेल्या सत्रातून ती घेतली, तर नव्या जोडण्या बंद पाडणारा बदलही यशस्वी ठरतो. उलटगणती चालू असताना वीज गेल्यास काय होईल, याचाही विचार हवा: अपूर्ण बदलाची खूण फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या साठवणीत) ठेवून, सुरुवातीलाच ती दिसल्यास जुनी प्रत बसवणे हा सोपा उपाय आहे. सिमवर टनेल पुन्हा उभा राहायला वेळ लागतो, त्यामुळे मुदत फार आखूड ठेवू नये.

बदल सर्व शाखांवर एकदम सोडू नये. पहिली शाखा मुख्य कार्यालयाजवळची निवडावी, मात्र तिची जोडणी दूरच्या शाखांसारखीच असावी. रत्नागिरी शहरातल्या चांगल्या फायबरवर यशस्वी झालेली चाचणी केवळ सिमवर चालणाऱ्या जैतापूरच्या शाखेबद्दल काहीच सांगत नाही. एक दिवस थांबून नंतर दोनतीन शाखांच्या गटाने पुढे जावे. आठवडा बाजाराचा दिवस टाळावा. गणपतीच्या आधीचा आठवडाही टाळावा, कारण चाकरमान्यांच्या गर्दीने मोबाइल जोडण्या मंदावतात आणि त्याच दिवसांत काउंटरवरही गर्दी असते. फर्मवेअर (राउटरमधील मूळ सॉफ्टवेअर) बदलायचे ते मे महिना संपण्यापूर्वीच उरकावे. जून ते सप्टेंबर या काळात तातडीच्या सुरक्षादुरुस्तीखेरीज फर्मवेअरला हात लावू नये, आणि फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवणारे यंत्र खरेदी करणे शक्य असेल तर तेच घ्यावे.

शाखेतल्या खोलीत

शाखेतील माणसांसाठी एका पानाची मराठी सूचना छायाचित्रांसह खोक्यात घालावी. पोर्टना रंगीत पट्ट्या लावाव्यात आणि सूचनेत ‘निळी वायर निळ्या खाचेत’ एवढेच लिहावे. कोणता दिवा लागला की फोन करायचा, हे त्यात असले की पुरे.

सिम निवडताना ते वायरच्या जोडणीहून वेगळ्या कंपनीचे घ्यावे, आणि त्या कंपनीच्या टॉवरकडे जाणारी फायबर त्याच रस्त्याच्या कडेने येते का, हेही विचारावे. खोदकामात एकच केबल तुटून दोन्ही जोडण्या बंद पडण्याचा संभव असतो. राउटर इन्व्हर्टरवर ठेवताना ओएनटी, म्हणजे फायबरची तार ज्यात येते ते खोके, तेही त्याच इन्व्हर्टरवर ठेवावे. खारट हवेने वायरींच्या टोकांवर गंज चढतो, त्यामुळे न वापरलेल्या पोर्टना झाकणे लावावीत. यंत्र टेबलाखाली न ठेवता भिंतीवर उंच बसवावे; २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बाजारपेठेचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना उंची किती हवी हे सांगावे लागत नाही.

राउटर बदलावा लागला तर

भरलेले, परंतु कोणत्याही शाखेला न नेमलेले राउटर राखीव ठेवावेत आणि तेही एकाच ठिकाणी नकोत. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांचे वीज व दूरध्वनीचे जाळे कोलमडले होते. अशा वेळी सर्व राखीव यंत्रे रत्नागिरीच्या कपाटात असण्यापेक्षा एक चिपळुणात आणि एक कुडाळात असणे अधिक उपयोगाचे. गरज पडताच जवळचे यंत्र शाखेत न्यावे, नोंदवहीत त्या शाखेसमोरचा अनुक्रमांक बदलून स्थिती ‘रवाना’ करावी आणि टोकन सक्रिय करावे. पत्ते, फायरवॉलचे नियम आणि कॅमेऱ्यांचे विभाजन शाखेशी बांधलेले असल्याने नव्या यंत्राला ते जसेच्या तसे मिळते. त्याच नोंदीसोबत जुन्या राउटरची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरून काढून टाकावी आणि त्याची स्थिती ‘रद्द’ करावी, मग ते यंत्र पाण्यात बुडालेले का असेना. त्याच्या फ्लॅशमध्ये खाजगी किल्ली शाबूत असू शकते, म्हणून ते भंगारवाल्याला न देता मुख्य कार्यालयात परत मागवावे.